स्वप्नात दिसलं म्हणजे घडलं?

शॉर्ट फिल्मचं लोकेशन शोधत वाशिमला गेलेल्या मैत्रिणीची आणि तिच्या स्वप्नातल्या निळ्या साडीची गोष्ट.

पुण्यातली माझी एक मैत्रीण. सोमवार ते शुक्रवार सॉफ्टवेअर, वीकएंडला शॉर्ट फिल्म. तिच्या स्क्रिप्टचा फंडा सोपा होता. लहानपणीच आई गेलेली एक मुलगी पुन्हा पुन्हा एकच स्वप्न बघते. अंगण, विहिरीवरचा रहाट, निळी साडी. स्वप्नाचे तुकडे जोडत ती आईची हरवलेली आठवण परत मिळवते. द एंड.

‘‘यार, ही गोष्ट माझीच आहे,’’ वाशिमच्या बसमध्ये ती म्हणाली. तिचं आजोळ वाशिमचं. आई गेली तेव्हा ही चार वर्षांची.

सिनेमाला हा विषय नवा नाही. हिचकॉकच्या ‘स्पेलबाउंड’मध्ये (१९४५) ग्रेगरी पेकची स्मृती गेलेली असते. डॉक्टर झालेली इन्ग्रिड बर्गमन त्याच्या स्वप्नाचा अर्थ लावते आणि खुनाचं कोडं सुटतं. स्वप्नाचा सीन खुद्द साल्वादोर दालीनं डिझाइन केलेला. पडद्यावर एकदम भन्नाट!

मेंदूची चलाखी

आपला मेंदू मात्र इतका सरळ नाही. तिसऱ्या वर्षाआधीचं बहुतेकांना काहीच आठवत नाही, पुढचंही तुटक तुटक. मधल्या जागा मेंदू स्वतःच भरून टाकतो. जुलियाना मात्सोनी, एलिझाबेथ लॉफ्टस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात काही जणांना त्यांच्या स्वप्नाचा ‘अर्थ’ सांगितला गेला, की अगदी लहानपणी तुम्ही हरवला होता. आधी ‘छे, असं काही नाही’ म्हणणाऱ्यांपैकी अनेकांना नंतर ते खरं वाटू लागलं!

दृष्टांत आणि ताम्रपट

वाशिमकडे दोन्ही प्रकारच्या गोष्टी आहेत. जिल्ह्यातल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची आख्यायिका सांगते, की तळ्याच्या पाण्यानं राजाचा रोग बरा झाला आणि मग पाण्यातल्या मूर्तीचा स्वप्नात दृष्टांत झाला. दुसरी गोष्ट इतिहासातली. १९३९ मध्ये वाशिमला वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट मिळाला. वाकाटकांची एक वेगळी शाखा इथून, म्हणजे तेव्हाच्या वत्सगुल्मातून, राज्य करत होती हे तोवर इतिहासकारांना ठाऊकच नव्हतं. याच शाखेच्या हरिषेणाच्या मंत्र्यानं अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं करवून घेतलं. अख्खं राजघराणं विस्मरणात गेलं होतं, ते परत आलं तांब्यावर कोरलेल्या अक्षरांमुळे.

मैत्रिणीचा ताम्रपट होती तिची मावशी. चहा पिता पिता हिनं निळ्या साडीचं विचारलं. मावशी हसली. ‘‘ते तं माही साडी होती वं. तुही माय तं हिरवंच नेसे.’’

मैत्रिणीचा चेहरा पडला. इतकी वर्षं जिला आई समजून बघितलं, ती मावशी होती.

‘‘पण रहाट होता खरा,’’ मावशी पुढे म्हणाली. ‘‘पाणी भराले तुही माय तुले कडेवरच घिऊन जाये.’’

विहीर आता बुजवलेली आहे. मैत्रीण तिथे बराच वेळ उभी होती. कॅमेरा बॅगेतच राहिला.

परतताना तिनं बसमध्येच शेवट बदलला. आता नायिका स्वप्नाचा अर्थ लावत बसत नाही. ती मावशीला फोन लावते.

तुम्हालाही असं एखादं अंगण दिसतं? मग सकाळी ऑफिसला पळण्याआधी घरातल्या मोठ्यांना विचारा. कुठे खणायचं एवढंच स्वप्न सांगतं. पुढचं ज्यांना आठवतंय, ते आहेत तोवर विचारून घ्या.