मेळातला एकच सूर हलवायचा तर…

सा आणि प एकत्र वाजवा. सा २४० हर्ट्‌झचा धरला, तर शुद्ध जुळणीत प येतो ३६० वर. पण वाद्याचा सूर कधी एकटा येत नाही. दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर सोबत घेऊनच येतो. आता सा ची तिप्पट करा : ७२०. प ची दुप्पट करा : पुन्हा ७२०! हे दोन सूर कानाला इतके गोड लागतात त्यामागे हीच जुळणी आहे. मायक्रोफोनला मात्र ७२० हर्ट्‌झचं एकच कंपन मिळतं. त्यात सा चा वाटा किती आणि प चा किती, हे त्यावर कुठेही लिहिलेलं नसतं.

मग रेकॉर्ड झालेल्या मेळातून एकच सूर उचलून हलवायचा कसा? आमटीतून मीठ काढण्यासारखंच ते काम. पण म्युनिकच्या सेलेमनी कंपनीचे पीटर नॉयबेकर यांच्या ‘मेलोडाइन’ सॉफ्टवेअरने २००८ साली ते करून दाखवलं! गिटारवर एकदम छेडलेल्या तारांचे सूर पडद्यावर वेगवेगळे दिसतात. बेसूर झालेला तेवढा माउसने सरकवायचा; बाकीचे जागचे हलत नाहीत. २०१२ मध्ये सेलेमनीला टेक्निकल ग्रॅमी मिळालं.

वाटणीचा सुगावा शेजारच्या कंपनांत असतो. २४०, ४८०, ९६० ही फक्त सा ची; ३६० आणि १०८० फक्त प ची. त्यांच्या जोरावरून ७२० मधला ज्याचा त्याचा हिस्सा अजमावता येतो. सूर सतत बदलत असतात, त्यामुळे हा हिशेब क्षणोक्षणी नव्याने मांडावा लागतो.

ही करामत मेलोडाइनच्या सगळ्या प्रकारांत मिळत नाही. ‘असिस्टंट’ एका वेळी एकच सूर असलेलं रेकॉर्डिंग हाताळतो : गाणाऱ्याचा आवाज, बासरी. एकत्र वाजणारे सूर सुटे करायचे तर ‘एडिटर’ किंवा ‘स्टुडिओ’ घ्यावा लागतो, आणि तिथे किंमत चढते. त्यामुळे जास्तीचे पैसे मोजायचे की नाही, याचं उत्तर तुमच्या रेकॉर्डिंगमध्येच आहे. फक्त गळ्यावर काम करत असाल, तर असिस्टंटवर भागतं. गिटार, पियानो किंवा षड्ज धरून वाजवलेली पेटी वारंवार दुरुस्त करावी लागत असेल, तर अपग्रेडचा विचार करा. एक मर्यादा लक्षात ठेवा : इथे सूर सुटे होतात, वाद्यं नाहीत. दोन वाद्यांनी एकच सूर धरला, तर तो कोणाचा हे मेलोडाइन सांगत नाही.

खरेदीआधी ३० दिवसांची मोफत चाचणी मिळते. कंपनीचे चकचकीत नमुने ऐकत बसण्यापेक्षा तुमचं सर्वांत बिघडलेलं रेकॉर्डिंग त्यात घाला. ते सुधारलं, तरी वादकाला बोलावून तेवढा तुकडा पुन्हा वाजवून घेणं स्वस्त पडतं का, तेही बघा. पडत असेल, तर अपग्रेड राहू द्या आणि वादकाला फोन लावा.