दुप्पट भाड्यापासून अर्ध्या तिकिटापर्यंत

एसटी फलाटाला लागायच्या आधीच माणसे तिच्याबरोबर पळू लागतात. कुणी खिडकीतून रुमाल टाकतो, कुणी टोपी, कुणी पिशवी, आणि एखादा बाप तर धाकट्या पोरालाच खिडकीतून आत सोडतो. मग दारातून रेटारेटी करीत आत जायचे आणि आपल्या रुमालाच्या जागेवर बसायचे. या प्रकाराला आम्ही सारेच हसतो. लोकांना शिस्त नाही म्हणून नावेही ठेवतो. पण वाचकहो, या रेटारेटीत एक गोष्ट आपल्या ध्यानात येत नाही. तो रुमाल कोणाच्या घरचा, हे कोणी विचारीत नाही. ज्याचा रुमाल आधी, त्याची जागा. जागा मिळाली नाही तर उभे राहायचे. पण उभे राहणाऱ्यांत बागायतदार असतो आणि त्याच्या शेतावरचा मजूरही असतो.

ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यावर काय लिहायचे, असे कोणी म्हणेल. आम्हांला वाटते, लिहिले पाहिजे. कारण ही गोष्ट फार जुनी नाही आणि ती आपोआप झालेली नाही.

मसूरचे स्टेशन

बाबासाहेबांनी ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आठवणींत १९०१ सालचा एक प्रवास लिहून ठेवला आहे. तो आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकलेला आहे, पण प्रवासाच्या अंगाने तो पुन्हा आठवून पाहावा. बाबासाहेब तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. वडील खटाव तालुक्यात रोखपालाच्या नोकरीवर आणि मुले साताऱ्याला. सुट्टीत वडिलांकडे जायचे म्हणून बाबासाहेब, त्यांचे भाऊ आणि बहिणीची दोन मुले नवे कपडे घालून आगगाडीत बसली. तिकिटे काढली होती. आगगाडीने त्यांना मसूरच्या स्टेशनावर बिनबोभाट आणून सोडले.

अडचण सुरू झाली ती आगगाडीतून उतरल्यावर. वडिलांना पत्राचा निरोप पोहोचलाच नव्हता, त्यामुळे घ्यायला कोणी आलेले नव्हते. स्टेशनमास्तर आधी आपुलकीने बोलला, पण मुलांची जात कळताच त्याचा चेहरा पालटला. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या पुष्कळ होत्या. एकही गाडीवान या मुलांना न्यायला तयार होईना. शेवटी एक जण कबूल झाला तो दोन अटींवर. भाडे दुप्पट द्यायचे आणि गाडी मुलांनीच हाकायची. गाडीवान बरोबर पायी चालणार! त्या रात्री मुलांजवळ जेवण होते पण पिण्याला पाणी मिळाले नाही, आणि चौघेही उपाशी झोपली.

पुढे १९२९ साली चाळीसगावला काय घडले तेही तसेच. तेव्हा बाबासाहेब बॅरिस्टर होते, सरकारी समितीचे सभासद होते. तरी टांगेवाला त्यांना घेऊन टांगा हाकायला तयार नव्हता. आपल्या वस्तीतल्या लोकांना त्यांनी पायी चालणे बरे वाटेना, म्हणून टांगा तेवढा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एक जण हाकायला बसला. त्याला सवय नव्हती. टांगा पुलाजवळ उधळला, बाबासाहेब खाली फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

या दोन्ही प्रसंगांत एक गोष्ट सारखी आहे. जिथे ठरलेले भाडे आणि सार्वजनिक गाडी होती तिथपर्यंत प्रवास झाला. जिथे गाडी एका माणसाच्या मर्जीची होती तिथे पैसा असूनही, शिक्षण असूनही प्रवास अडला. मर्जीच्या गाडीत दुप्पट भाडेही कमी पडते.

टप्प्याचा हिशेब

१ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर सरकारी एसटीची पहिली गाडी धावली. पुढे ‘गाव तिथे रस्ता आणि रस्ता तिथे एसटी’ असे म्हणत ती डोंगरातल्या, माळावरच्या गावांपर्यंत गेली. एसटीचे भाडे टप्प्याने लागते. सहा किलोमीटरचा एक टप्पा, जितके टप्पे तितके पैसे. कंडक्टर विचारतो ते एवढेच, “कुठं जायचं?” कुठून आलात, कोणाचे, हे विचारण्याची त्याला गरज नाही. महामंडळाचे ब्रीद ‘बहुजन हिताय, बहुजन सुखाय’ असे आहे. तथागतांनी भिक्खूंना चारिकेला पाठविताना सांगितलेले हे शब्द. आपल्या घरातल्या लहान मुलांना ते एसटीच्या बोधचिन्हावर दाखवावेत.

एसटी नसती तर काय झाले असते, याचा विचार आपल्या घरापुरता करून पाहा. आठवीनंतरची शाळा दुसऱ्या गावात, कॉलेज तालुक्याला, नोकरी त्याहून पुढे. सकाळची मुक्कामी गाडी आणि विद्यार्थ्यांचा पास यांवर कित्येक वस्त्यांतली पहिली मॅट्रिक झालेली मुले घडली. मुलींना शाळेसाठी अहिल्याबाई होळकर योजनेत मोफत पास मिळाला, तेव्हा तिकिटाच्या पैशांसाठी घरी बसणारी लेक शाळेत जाऊ लागली. १७ मार्च २०२३ पासून राज्यातल्या महिलांना एसटीत अर्धे तिकीट झाले. माहेरी जायला पैसे मोजणाऱ्या आमच्या मायबहिणींना यातले मोल सांगायला नको. एके काळी दुप्पट देऊनही न मिळालेली जागा आज त्यांना निम्म्यात मिळते.

टॉकीजमधला अंधार

आता दुसरी रांग, टॉकीजच्या खिडकीची. लहान गावात सिनेमा आला तो आधी जत्रेतल्या तंबूत. मैदानात कनात ताणायची, ट्रकवर प्रोजेक्टर ठेवायचा, भोंग्यावरून खेळाची आरोळी द्यायची आणि लोकांनी जमिनीवर बसून पडद्याकडे पाहायचे. महाराष्ट्रातल्या या फिरत्या तंबूंवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ हा माहितीपट केला. २०१६ साली फ्रान्समधल्या कान महोत्सवात त्याचे कौतुक झाले.

तंबूनंतर पक्की टॉकीज आली. तिथे वर्ग होते हे खरे. पुढे बाकडी, मागे खुर्च्या, वर बाल्कनी. पण हे वर्ग पैशाचे होते. चार आणे जास्त जमले की बाल्कनीत बसता येई, आणि एकदा दिवे मालवले की शेजारी कोण बसले आहे ते दिसतही नसे. संविधानाच्या १५ व्या कलमात दुकाने, हॉटेले, विहिरी, तलाव आणि रस्ते यांच्याबरोबर सार्वजनिक करमणुकीच्या जागाही मुद्दाम लिहिलेल्या आहेत. १९५५ च्या अस्पृश्यता गुन्हे कायद्यातही त्या आहेत आणि सार्वजनिक वाहनेही आहेत. सिनेमा आणि मोटार या किरकोळ गोष्टी नाहीत, हे संविधान लिहिणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

२९ एप्रिल २०१६ ला ‘सैराट’ लागला. करमाळा तालुक्यातल्या जेऊरच्या नागराज मंजुळे यांनी आपल्याच मुलखात तो चित्रित केला. सातारा जिल्ह्यात रहिमतपूरला इतकी गर्दी झाली की मध्यरात्रीचा जादा खेळ लावावा लागला. नकाशा काढून पाहा. रहिमतपूर आणि मसूर ही एकाच लोहमार्गावरची जवळजवळची स्टेशने आहेत. जिथे १९०१ साली चार मुलांना गाडी मिळेना, तिथून जवळच मध्यरात्री सगळ्या आळ्यांतली माणसे एका छताखाली बसून एकाच गाण्यावर नाचली.

पण आम्ही येथे थांबलो तर अर्धेच सांगितले असे होईल. त्या चित्रपटाचा शेवट आठवा. नाचणारी टॉकीज शेवटी चिडीचूप झाली. खेळ सुटला आणि माणसे आपापल्या आळीत निघून गेली. तिकिटावर शेजारची खुर्ची मिळते, सोयरीक मिळत नाही. कित्येक ठिकाणी अजून घरात घेताना जात विचारली जाते, भाड्याने खोली देताना विचारली जाते. खोलीला टप्प्याचा दर नसतो. ती मालकाच्या मर्जीची असते. मसूरच्या बैलगाडीचा प्रश्न असा वेष पालटून आजही उभा आहे.

रांग मोडू देऊ नका

आज या दोन्ही रांगा कमी होत आहेत. तालुक्याच्या गावातली टॉकीज पाडून तिथे मंगल कार्यालय किंवा गाळे झालेले आपण पाहतो. शहरातल्या मल्टिप्लेक्सचे तिकीट पाच माणसांच्या कुटुंबाला परवडत नाही. घरातले चौघे चार मोबाईल घेऊन चार कोपऱ्यांत बसतात. ज्याला जमले त्याने मोटारसायकल घेतली. त्यात वाईट काही नाही. कष्टाच्या पैशाची गाडी दारात उभी राहावी, याचा आम्हांला आनंदच आहे. पण सगळे आपापल्या गाडीने निघाले की एसटीची फेरी रिकामी धावते आणि मग ती बंद होते. त्याचा फटका बसतो तो ज्याच्याकडे गाडी नाही त्याला. २०२१ च्या अखेरीपासून एप्रिल २०२२ पर्यंत कामगारांचा संप चालला. त्यांच्या मागण्या पोटाच्या होत्या. त्या महिन्यांत खेड्यांतली शाळेची मुले आणि दवाखान्याला जाणारी म्हातारी माणसे कशी अडकून पडली, ते आपण पाहिले आहे.

तेव्हा बंधुभगिनींनो, दोन-तीन गोष्टी आपल्या हातच्या आहेत. वस्तीची फेरी बंद होत असेल तर नुसते हळहळू नका. गावच्या महिला मंडळाने आणि पालकांनी मिळून आगार व्यवस्थापकांना लेखी अर्ज द्यावा, किती मुले व किती मुली त्या गाडीने शाळेला जातात ते त्यात लिहावे आणि ग्रामपंचायतीचा ठराव जोडावा. अर्जाची पोच घ्यायला विसरू नये. मुलींचे पास वेळेवर काढावेत. आणि या सुट्टीत घरी गाडी असली तरी मुलांना एकदा एसटीने आजोळी न्यावे. तीन माणसांच्या बाकावर चौथ्याला सरकून जागा कशी द्यायची ते त्यांना कळू द्यावे. वाटेत मसूरच्या चार मुलांची गोष्ट त्यांना सांगावी. म्हणजे हातातले तिकीट कशाचे आहे ते त्यांना समजेल, आणि ते लवकर फेकून देणार नाहीत.