कोनं सांगतलं?

मुलीला स्थळ आलं की मुलाच्या गावी एखादा चुलता किंवा मामा आधी गुपचूप जाऊन येतो. समजा, गाव दुसरबीड. सिंदखेड राजा आणि मेहकर यांच्या मधलं, रस्त्यावरचं. पाहुणा एसटीतून उतरतो, पण मुलाच्या घराकडे वळत नाही. हॉटेलात बसतो, चहा सांगतो आणि विचारतो की सोयाबीनला यंदा एकरी काय उतारा पडला, विहिरींना पाणी कुठवर पुरतं. दुसऱ्या कपाला सहज विचारल्यासारखं करतो, “अमक्यांचं वावर कोणत्या अंगाला?” हॉटेलवाला कपबशी पुसत म्हणतो, “माणसं चांगली हायेत.” पाहुण्याचं सगळं लक्ष त्यापुढच्या शब्दावर असतं. ‘पण’ आला तर सोयरीक तिथेच थांबते. नाही आला तर पाहुणा न्हाव्याच्या दुकानात जाऊन तेच प्रश्न पुन्हा विचारतो, कारण एका तोंडावर कोणी मुलगी देत नाही. या सगळ्या उद्योगाला आपण ‘गावगप्पा’ म्हणून हसतो आणि रिकामटेकड्यांच्या खात्यावर टाकून मोकळे होतो. मला ते पटत नाही. कुणाची पत किती हे जिच्यात लिहिलेलं असतं, अशी गावाची वही म्हणजे गावगप्पा. ती कुठल्या कुलकर्ण्याच्या दप्तरात नसते, पण तिच्यातली प्रत्येक नोंद कुणाच्या तरी नावावर असते.

एकोणिसाव्या शतकात तर या वहीवाचून गावाचं पानही हलत नव्हतं. 1853 च्या तहाने निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. पुढच्या दशकात मुंबईहून निघालेली रेल्वे मलकापूर, शेगाव करत अकोल्याकडे आणि 1867 मध्ये नागपूरला पोचली. पण ती घाटाखालून गेली. दुसरबीडसारख्या घाटावरच्या गावांना खामगावच्या बाजारातला कापसाचा भाव कळायचा तो परत येणाऱ्या गाडीवानाच्या तोंडून. (खामगाव-जालना रेल्वेची मागणी आज शंभर वर्षांहून जुनी झाली आहे. त्या मार्गावरची गाडी अजून बोलण्यातच धावते.) मराठी वर्तमानपत्रं होती. ‘दर्पण’ 1832 चं, ‘ज्ञानप्रकाश’ 1849 चं. पण ती पुण्या-मुंबईची, आणि इकडे वाचता येणारा माणूस गावात एखादाच. मग बातमीचं काम बलुतेदारांनी आणि फिरस्त्यांनी केलं. न्हावी घरोघर जायचा, त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय हे त्याला आधी कळायचं. कुंभार बाजारोबाजारी हिंडायचा. गोसावी, वासुदेव, नंदीवाले वर्षाच्या ठरल्या वेळेला यायचे आणि दहा गावांचं वर्तमान झोळीतून आणायचे. त्र्यंबक नारायण आत्र्यांनी 1915 च्या ‘गावगाडा’त हे सगळं जग टिपून ठेवलं आहे. फिरस्त्यांबद्दल त्यांच्या मनात ममता फारशी नव्हती, हेही त्यात दिसतं.

नुसत्या बोलण्यात पत ठरवण्याची आणि पाडण्याची किती ताकद असते, हे पाहायला पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यातल्या कर्डे गावी जावं लागेल. 1874 च्या अखेरीस तिथल्या एका देशमुखाच्या मालमत्तेवर काळूराम नावाच्या सावकाराने हुकूमनामा आणला. गावाने दंगा केला नाही, फक्त ठरवलं. त्याचं शेत करायचं नाही, त्याच्या दुकानातून माल घ्यायचा नाही. न्हाव्याने त्याची दाढी करायची नाही, पाणक्याने पाणी भरायचं नाही. अखेर सावकाराला बाडबिस्तरा हलवावा लागला. हे ठरलं कसं? पाराच्या बोलण्यात. आणि ते शेजारच्या गावांत पोचलंही तसंच. सहा महिन्यांच्या आत, 12 मे 1875 ला, सुप्याच्या बाजारपेठेत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले आणि दख्खनचा उठाव सुरू झाला. त्याने सरकारला चौकशी आयोगापासून 1879 च्या शेतकरी कायद्यापर्यंत नेलं. गंमत म्हणजे कर्ड्यानंतर सहा वर्षांनी आयर्लंडच्या मेयो परगण्यात हेच घडलं. चार्ल्स बॉयकॉट नावाच्या, जमीनदाराच्या कारभाऱ्याचे मजूर, नोकर, लोहार, धोबीण सगळे एकाएकी त्याला ओळखेनासे झाले. त्याचं पीक काढायला बाहेरून पन्नास माणसं आणि त्यांच्या रक्षणाला सैन्य आणावं लागलं. त्याचं आडनाव इंग्रजीत शब्द होऊन बसलं, आणि काळूरामाचं नाव आयोगाच्या कागदांत राहिलं. तिकडेही गावकरी संध्याकाळी एखाद्या ठरल्या घरी चुलीभोवती जमत, वर्तमानपत्र आलं तर एकाने वाचावं आणि बाकीच्यांनी ऐकावं. जमीन दुसऱ्याची आणि न्यायालय लांबचं असलं, की माणसाच्या हातात शेजाऱ्याबद्दलची माहिती एवढंच हत्यार उरतं.

यावर रास्त आक्षेप येतो की हेच हत्यार सावकारापेक्षा दुबळ्यांवर कितीतरी जास्त चाललं. खरं आहे. वाळीत टाकण्याची रीत इतकी चिवट निघाली की महाराष्ट्राला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. सून कुठे थांबली, कुणाशी बोलली, याचा हिशोब पार ठेवत होता, आणि तिला पारावर बसायची मुभा नव्हती. मयताचा सांगावा घेऊन रात्री-अपरात्री परगावी धावायचं ते महाराने. पण ज्या पारावर ती बातमी चघळली जायची, तिथे त्याला जागा नव्हती. चोखोबांचं जन्मगाव मानलं जाणारं मेहुणा राजा दुसरबीडच्याच जिल्ह्यातलं, म्हणजे हे दुखणं इथल्या मातीला नवं नाही. मुंबई इलाख्यात या वतनी राबणुकीविरुद्ध बाबासाहेबांनी 1928 मध्ये विधेयक आणलं, ते उगीच नव्हे. तरीही हा आक्षेप माझं म्हणणं पाडत नाही, उलट पक्कंच करतो. जी गोष्ट निरुपयोगी असते तिच्यावर कोणी हक्क सांगत नाही. पत ठरवायचा अधिकार मोठा होता, म्हणूनच वरच्यांनी तो स्वतःकडे ठेवला. आणि बायकांनी आपली वेगळी वही उघडलीच. पाणवठ्यावर ती होती, पहाटेच्या जात्यावर होती. गी पॉइटवॅं आणि हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने जमलेल्या जात्यावरच्या ओव्या लाखाच्या वर जातात. सासूची, दिराची, न येणाऱ्या भावाची पत त्यांत रोजच्या रोज मांडलेली आहे.

दुसरा आक्षेप सत्याचा. गप्पा खोट्याही असतात, मग ही कसली वही? असतात, पण जुन्या गावात खोटं सांगणाऱ्याला ते फुकट पडत नसे. या भागात काही सनसनाटी सांगायला जा, समोरचा आधी विचारतो, “कोनं सांगतलं?” बातमीपेक्षा आधी तो सांगणाऱ्याची पत तपासतो, आणि सांगणारा उद्या त्याच बांधावर भेटणार असतो. बातमी चुकली तर पुढच्या वेळी त्याचं कोणी ऐकत नाही. या प्रश्नाने सगळं खोटं अडत नसे, पण पुष्कळ अडत असे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात काय झालं ते आठवा. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा आधीच मोबाइलवर फिरत होती. रविवारचा आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी मंगळवेढ्याकडून आलेले. जमावाने त्यांना ठेचून मारलं. ज्यांच्या झोळीतून पिढ्यान्‌पिढ्या गावोगावचं वर्तमान आलं, त्याच भटक्यांवर निनावी बातमी उलटली. ‘कोनं सांगतलं?’ याला तिथे उत्तरच नव्हतं, कारण जो तो म्हणणार, मोबाइलवर आलं. मला या घटनेत गावगप्पांचा दोष दिसत नाही. गावाची वही गेली आणि नुसती पानं उडत राहिली, असं दिसतं.

मग आता बँक आहे, बायोडेटा आहे, सिबिलचा आकडा आहे, या वहीची गरज काय, असं कोणी विचारेल. आकडा मागच्या हप्त्यांचं सांगतो, नवरा दारूकडे वळलाय का ते सांगत नाही. महिला बचत गट चालतो तो याच दुसऱ्या प्रकारच्या माहितीवर. कर्ज मागणारीचं घर, म्हैस, सासर, पोराची फी हे सगळं बाकीच्या बायकांना ठाऊक असतं, त्यामुळे तारण म्हणून सातबारा लागत नाही. जोसेफ स्टिग्लिट्झ या अर्थतज्ज्ञाने 1990 मध्ये याच तत्त्वावर निबंध लिहिला. शेजाऱ्यावर शेजारी लक्ष ठेवतो, म्हणून गरिबाला कर्ज देता येतं, हा त्याचा आशय. आता दुसरबीडच्या तालुक्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे आणि त्यावरच्या गाडीला ते हॉटेल दिसतही नाही. लग्नाचे बायोडेटा व्हॉट्सअॅपवर येतात, फोटोसकट, पगारासकट. पण सुपारी फुटायच्या आधी मुलीचा मामा जुन्या रस्त्यानेच येतो, मोटरसायकल स्टँडवर लावतो, चहा सांगतो आणि सोयाबीनच्या उताऱ्याचं विचारतो.