शिलालेखांच्या छायाचित्रणात रेडिओ ट्रिगरचा उपयोग

इतिहास व मराठी विभागांच्या क्षेत्रभेटींत शिलालेखांची छायाचित्रे घेतली जातात. मात्र दगडावर बोटांना जाणवणारी अक्षरे छायाचित्रात दिसत नाहीत, असा अनुभव अनेक प्राध्यापकांना आला असेल. हा दोष क्वचितच कॅमेऱ्याचा असतो. कॅमेऱ्यावर बसविलेला फ्लॅश समोरून प्रकाश टाकतो, त्यामुळे कोरीव रेषेत सावली पडत नाही आणि सावलीवाचून झिजलेले अक्षर वाचता येत नाही. अक्षरांत खडू वा चुना भरण्याची जुनी सवय दगडास अपायकारक आहेच. शिवाय भरणाऱ्याने जे वाचले तेच पुढील अभ्यासकास दिसते. त्यापेक्षा फ्लॅश कॅमेऱ्यापासून वेगळा करून, पृष्ठभागाशी दहा-पंधरा अंशांचा कोन साधून, बाजूने प्रकाश टाकणे श्रेयस्कर होय. याकामी उपयोगी पडणाऱ्या रेडिओ ट्रिगरचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

या साधनाचे दोन भाग असतात. प्रक्षेपक कॅमेऱ्याच्या हॉट शूवर बसतो, तर ग्राहक फ्लॅशला जोडला जातो. शटर पूर्ण उघडताच कॅमेरा प्रक्षेपकास विद्युत्-संकेत देतो. तो रेडिओ लहरींद्वारे ग्राहकाकडे पोहोचतो आणि फ्लॅश पेटतो. आजची बहुतेक साधने २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतात. भारतात हा पट्टा कमी शक्तीच्या उपकरणांसाठी २००५ पासून परवानामुक्त आहे. प्रकाशाने चालणारा 'स्लेव्ह' स्वस्त खरा. पण खांबाआड वा भर उन्हात तो निरुपयोगी ठरतो, आणि शेजारच्या पर्यटकाच्या फ्लॅशनेही पेटतो!

शटरचा वेग कॅमेऱ्याच्या मर्यादेत, म्हणजे साधारणतः १/२०० सेकंदापर्यंत ठेवावा. अन्यथा चित्राच्या कडेला काळी पट्टी येते. काही जुन्या फ्लॅशच्या जोडटोकांवर दोनशे व्होल्टहून अधिक दाब असतो व त्याने ग्राहक निकामी होऊ शकतो. जोडणीपूर्वी भौतिकशास्त्र विभागातील सहकाऱ्यांकडून तो मोजून घ्यावा.

रेडिओ ट्रिगरचा खरा लाभ अंतरात आहे. एक मीटर रुंद शिळेच्या कडेपासून फ्लॅश अर्ध्या मीटरवर ठेवला, तर दूरची कड दीड मीटरवर येते. अंतर तिप्पट झाल्याने तेथे प्रकाश एक-नवमांशच पोहोचतो. हाच फ्लॅश तीन मीटरवर नेल्यास दूरच्या कडेला जवळच्या कडेच्या निम्म्याहून थोडा अधिक प्रकाश मिळतो व संपूर्ण लेख एकाच चित्रात वाचता येतो. इतकी लांब तार गर्दीच्या मंदिरात कोणाच्या तरी पायात येणारच.

दिशेचाही विचार आवश्यक आहे. प्रकाश रेषेला आडवा पडला तरच सावली निर्माण होते. देवनागरी लेखात काना डाव्या-उजव्या बाजूच्या प्रकाशात उठून दिसतो, तर शिरोरेषा त्याच प्रकाशात लोप पावते. तिच्यासाठी फ्लॅश वर न्यावा लागतो. म्हणून कॅमेरा स्टँडवर स्थिर ठेवून एकाच लेखाची किमान चार दिशांच्या प्रकाशात चित्रे घ्यावीत. मात्र खालून प्रकाश दिल्यास कोरीव अक्षरे उठावदार असल्याचा भास होतो. यास्तव प्रकाशनासाठी वरच्या डाव्या बाजूचे चित्र निवडणे इष्ट.

संरक्षित स्मारकांत स्टँड व फ्लॅशसाठी पुरातत्त्व खात्याची पूर्वपरवानगी घ्यावी. अजिंठ्यासारख्या चित्रित लेण्यांत फ्लॅश वर्ज्यच आहे. प्रत्येक चित्रासमवेत प्रकाशाची दिशा नोंदवहीत लिहावी, म्हणजे अनुस्वार कोणता आणि दगडाचा टवका कोणता, याची पडताळणी दुसऱ्या वाचकास करता येईल.