थंडीतील सोबती : भाजलेला ऊलाँग चहा

थंडीचे दिवस सुरू झाले की घरातील वृद्धांचे पाणी पिणे नकळत कमी होते. वाढत्या वयात तहानेची जाणीव मुळातच मंदावलेली असते. त्यात घाम येत नाही, गार पाणी नकोसे वाटते आणि रात्री लघवीसाठी उठावे लागेल या धास्तीने अनेक आजी-आजोबा दुपारनंतर तांब्याला हातच लावत नाहीत. हिवाळ्यात वाढणारी बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा संसर्ग, उभे राहताना येणारी चक्कर या तक्रारींमागे पुष्कळदा हे एक साधे कारण असते. ‘पाणी प्या’ एवढ्या उपदेशाने हा प्रश्न सुटत नाही. आवडीने घेतले जाईल असे काहीतरी ऊन, हलके आणि बिनसाखरेचे पेय हाताशी असावे लागते. दक्षिण चीन आणि तैवानमध्ये पिढ्यान्‌पिढ्या प्यायला जाणारा भाजलेला ऊलाँग चहा हे असेच एक पेय आहे.

आग उतरलेला चहा

हिरवा चहा, काळा चहा आणि ऊलाँग हे तिन्ही एकाच वनस्पतीच्या पानांपासून होतात. फरक असतो तो पुढील संस्कारांचा. हिरव्या चहाची पाने खुडल्यावर लवकरच तापवून त्यांचे ऑक्सिडीकरण थांबवले जाते, तर काळ्या चहात ते पूर्ण होऊ दिले जाते. ऊलाँगचे स्थान या दोहोंच्या मध्ये आहे. पाने आधी कोमेजू देतात, मग हलक्या हाताने घोळवून त्यांच्या कडा दुखावतात आणि त्या कडा तांबूस होऊ लागल्या की पाने तापवून ती क्रिया रोखतात. ‘ऊलाँग’ या चिनी शब्दाचा अर्थ ‘काळा ड्रॅगन’ असा आहे.

फुजियान प्रांतातील वुई पर्वताच्या कडेकपारींत होणारा ऊलाँग विशेष नावाजलेला आहे. हा पर्वत १९९९ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तेथील पाने वसंतात खुडतात. नंतर ती बांबूच्या टोपल्यांत पसरून, राखेखाली झाकलेल्या निखाऱ्यांच्या मंद आचेवर कित्येक तास भाजतात. मध्ये विसावा देऊन हाच क्रम पुन्हा करतात. ताजा भाजलेला चहा जरा उग्र लागतो, म्हणून तो काही काळ मुरू देतात. या मुरण्याला तेथील कारागीर ‘आग उतरणे’ अशा अर्थाचा शब्द वापरतात. वसंतात खुडलेले पान अशा रीतीने थंडीच्या तोंडाशी खरे चवीला येते. तैवानच्या नानतोऊ भागातील तुंगतिंग हा गोळीसारख्या वळलेल्या पानांचा चहाही अशाच भाजणीसाठी प्रसिद्ध आहे. बेसन मंद आचेवर भाजताना जो खमंग वास घरभर दरवळतो, त्याच्या जवळचा हा गंध असतो. चव किंचित गोडसर लागते, त्यामुळे साखरेची उणीव फारशी भासत नाही.

उत्तर चीनमधील शहरांत हिवाळ्यात घरे सामुदायिक व्यवस्थेने ऊबदार ठेवली जातात. दक्षिणेकडील फुजियानमध्ये तशी सोय सहसा नसते. तेथील दमट गारठ्यात चहाचे भांडे हीच घरातील ऊब. हे भांडे जेमतेम १०० ते १५० मिलिलिटरचे आणि पेला दोन-तीन घोटांचा असतो. त्याच पानांवर पुन:पुन्हा उकळते पाणी ओतून पाच-सात वेळा चहा काढतात आणि तोवर गप्पा चालू राहतात. चीनमधील चहा तयार करण्याची पारंपरिक तंत्रे आणि त्यांच्याशी निगडित सामाजिक प्रथा यांना २०२२ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशात स्थान मिळाले.

समज आणि वास्तव

भाजलेला चहा ‘उष्ण’ आणि पोटाला सौम्य असतो, अशी चिनी परंपरेची धारणा आहे. आपल्याकडील उष्ण-शीत विचाराशी परिचित असलेल्या वाचकांना ती ओळखीची वाटेल. अनेकांना हा चहा मानवतो, हे खरे. परंतु तो मधुमेहाचे, रक्तदाबाचे वा कोलेस्टेरॉलचे औषध नव्हे. भाजल्याने कॅफीन उडून जाते, हाही समज बरोबर नाही. चव मऊ झाली तरी कॅफीन बरेचसे टिकून राहते. एका कपात ते साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम असते. शरीरातील कॅफीनचे प्रमाण निम्म्यावर यायला सुमारे पाच तास लागतात, काहींना त्याहून अधिक. म्हणून दुपारी तीननंतर हा चहा टाळलेला बरा. झोप शाबूत राहते आणि रात्री अंधारात स्वच्छतागृहाकडे जाण्याच्या फेऱ्या वाढत नाहीत. पडून खुब्याचे हाड मोडण्याची भीती ज्या वयात असते, त्या वयात ही बाब किरकोळ नाही.

खरा लाभ साखरेच्या हिशेबात आहे. दिवसाला चार कप आणि प्रत्येकात दोन चमचे, म्हणजे सुमारे ३२ ग्रॅम साखर केवळ चहातून पोटात जाते. दिवसभरातील अशी वरून घातलेली साखर शक्यतो २५ ग्रॅमच्या आत असावी, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. चारांपैकी दोन कप बिनसाखरेच्या ऊलाँगचे झाले, तर हा भार निम्म्यावर येतो. मात्र ज्यांचे जेवण मुळातच कमी आहे त्यांचे दूध तोडू नये; चहातून कमी झालेले दूध त्यांना वेगळे द्यावे.

काळजीवाहकांसाठी

घरगुती प्रमाण सोपे आहे. सुमारे ३ ग्रॅम पाने, म्हणजे वळलेल्या पानांचा एक लहान चमचा, २०० मिलिलिटर उकळत्या पाण्यात तीन मिनिटे झाकून ठेवावी आणि चहा गाळून घ्यावा. त्याच पानांचा सकाळभरात आणखी दोनदा चहा करता येतो. तो उत्तरोत्तर सौम्य होतो. ओली पाने दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवू नयेत.

पुढील गोष्टी मात्र कटाक्षाने पाळाव्यात :

• उकळता चहा लगेच देऊ नये. ६५ अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका बहुधा वाढवतात, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये मांडला. आरामात घोट घेता येईल इतका चहा निवू द्यावा.

• हात थरथरत असतील तर कान नसलेले चिनी पेले नकोत. रुंद बुडाचा, कानाचा कप अर्धाच भरून द्यावा. वृद्धांची त्वचा पातळ असते, ती लवकर भाजते.

• लोहाची गोळी आणि चहा यांत किमान एक ते दोन तासांचे अंतर हवे. चहामुळे लोहाचे शोषण घटते. रक्त कमी असलेल्यांनी जेवणासोबतही चहा घेऊ नये.

• थायरॉइडची गोळी साध्या पाण्यासोबतच घ्यावी आणि चहा त्यानंतर तासाभराने.

• हृदय वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाण्यावर मर्यादा असेल, तर हा चहा त्या मापातच मोजावा.

• पक्षाघातानंतर पातळ पदार्थ गिळताना ठसका लागत असेल, तर डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून देऊ नये.

• छातीत धडधड किंवा जळजळ होत असेल तर प्रमाण कमी करावे. उपाशीपोटी तर घेऊच नये.

महागडा वुई चहाच हवा असे मुळीच नाही. दार्जिलिंग आणि निलगिरीतही आता ऊलाँग तयार होतो. खरेदी करताना तो भाजलेला आहे ना, एवढे विचारावे. ऊलाँग मिळाला नाही तरी काही बिघडत नाही, कारण त्या परंपरेतून घेण्याजोगी गोष्ट पानांहून मोठी आहे : लहान पेला, सावकाश घोट आणि समोर बसलेले माणूस. वृद्ध व्यक्तीच्या हाती कप ठेवून आपण दुसऱ्या खोलीत निघून गेलो, तर तो कप बहुधा अर्धा गार होऊन परत येतो. आपणही एक पेला घेऊन शेजारी बसलो, तर दुसरा आणि तिसरा पेलाही सहज संपतो. सकाळच्या कोवळ्या उन्हातील ती वीस मिनिटे आपल्या वेळापत्रकात अवश्य राखून ठेवावीत.