मायलेकरांचे एक दुखणे

बाळंतिणीच्या दुखण्यांविषयी आपल्या घरांतून बोलणे होते ते बहुधा शेकशेगडी, डिंकाचे लाडू आणि कंबरदुखी यांपुरतेच. अंगावर पाजताना होणाऱ्या वेदनेचा विषय निघाला, की वडीलधाऱ्या बायका “होतंच सुरुवातीला!” एवढे म्हणून तो मिटवतात आणि पुरुषमंडळी वर्तमानपत्रात डोके खुपसतात. सुरुवातीचे दुखणे पुष्कळदा थांबतेही. पण महिना-दीड महिना सुरळीत पाजल्यावर जे एकाएकी सुरू होते, त्याचे काय? अशाच एका दुखण्याची ही हकीकत आहे. माझ्या मुलीच्या परवानगीनेच ती लिहीत आहे. “आई, सगळं नीट लिही. कुणाचं तरी रडणं वाचेल,” असे तिनेच मला बजावले आहे.

मुलगी आणि जावई दोघेही शिक्षक. बिऱ्हाड आंबेगाव तालुक्यातल्या तळेघरला. पुण्याहून भीमाशंकरला गेलेल्या वाचकांनी हे गाव वाटेत पाहिले असेल. मंचर आणि घोडेगाव मागे टाकून डिंभे धरणावरून पुढे निघाले, की रस्ता डोंगरात शिरतो, हिरड्याची झाडे दिसू लागतात आणि तळेघर येते. इथला पाऊस म्हणजे पाऊस! आठवडा आठवडा सूर्यदर्शन नाही. भाताच्या आवणीला तो हवाच. पण ज्या घरात तान्हे मूल आहे, तिथे दोरीवरची दुपटी वाळता वाळत नाहीत. मी नातवाला पाहायला म्हणून आषाढात गेले, ती श्रावण संपेपर्यंत तिथेच राहिले.

नातू तेव्हा दोन महिन्यांचा होता. मुलगी त्याला पाजायला घेई आणि ओठ दाताखाली घट्ट धरी. बाळ सुटले तरी कळ थांबत नसे. आत काचा टोचाव्यात तशी ती कितीतरी वेळ राही. स्तनाग्रे लाल, चकचकीत झालेली, वर बारीक पापुद्रे सुटलेले; कपड्याचा स्पर्शही सोसवेना. बाळसुद्धा चार घोट घेऊन तोंड सोडी, रडे, पुन्हा धरी. त्याच्या जिभेवर आणि गालांच्या आतून दह्याचे कण चिकटून राहावेत तसे पांढरे डाग होते.

सल्ल्यांना मात्र तोटा नव्हता. विहीणबाईंनी फोनवरून टाकणखाराची लाही मधात खलून लावायला सांगितली. शेजारणीने मीठमोहऱ्या उतरवून टाकल्या. एका नातलग बाईंनी तर निकालच दिला, “दूधच बाधतंय त्याला. सरळ डबा सुरू करा.” हा शेवटचा सल्ला मुलीच्या मनात घर करून बसला. एका रात्री बाळ भुकेने कुरकुरू लागले, तेव्हा ती हुंदका देत म्हणाली, “आई, उद्यापासून मी पाजणार नाही. तो जागा झाला तरी मला भीती वाटते गं!”

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही गावातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी औषध लिहिण्याची घाई केली नाही. आधी मुलीला समोर बसवून पाजायला सांगितले आणि बाळ तोंड पुरते उघडून धरते आहे की नुसते टोक चोखते आहे, ते पाहिले. कारण स्तनातली प्रत्येक कळ बुरशीचीच असते असे नाही. पुष्कळदा बाळाची पकडच चुकलेली असते आणि बसण्याची पद्धत सुधारली, की दुखणे थांबते. मग त्यांनी बाळाच्या जिभेवरून ओल्या कापडाचे टोक हळूच फिरवले. “आजी, दूध असेल तर पुसलं जातं. हे पुसलं जात नाही. आणि जोर करून काढायचं नाही हं, खालून रक्त येतं.” शेवटी विचारले, “एवढ्यात अँटिबायोटिक घेतलं होतं का?” मुलीने पंधरा दिवसांपूर्वी दाढेसाठी कोर्स घेतला होता.

कोडे तिथेच सुटले. इंग्रजीत या विकाराला ‘थ्रश’ म्हणतात. तो कँडिडा नावाच्या बुरशीने होतो. ही बुरशी तुमच्याआमच्या अंगावर, तोंडात, आतड्यात एरवीही असते. पण आपल्या शरीरातले इतर निरुपद्रवी जंतू तिला वाढू देत नाहीत. अँटिबायोटिकने ते पहारेकरीही मरतात, आणि तिचे फावते. ऊब आणि ओल तिला प्रिय. तान्ह्याचे ओले तोंड आणि दुधाने भिजलेला आईचा कपडा, यांहून चांगली जागा तिला कुठे मिळणार? एकदा जम बसला, की ती बाळाच्या तोंडातून आईला आणि आईकडून पुन्हा बाळाला अशा येरझारा घालते.

म्हणूनच या दुखण्यात लक्षात ठेवायचे ते एवढेच, की औषध दोघांनाही आणि एकाच वेळी. एकट्या बाळाला दिले तर चार दिवसांत डाग परत हजर! आमच्या बाळाला क्लोट्रिमॅझोलचे तोंडात लावायचे औषध मिळाले आणि आईला त्याच औषधाचे मलम. पाजून झाल्यावर दोघांनाही लावायचे, आणि डाग दिसेनासे झाले तरी डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करायचे. पाजणे? ते मुळीच थांबवायचे नाही! थांबवल्याने बुरशी जात नाही. दूध मात्र आटते, आणि स्तनात गाठी धरतात त्या निराळ्याच. नातलग बाईंनी सुचवलेल्या डब्यावरसुद्धा आईचे दूधच बाळासाठी सर्वोत्तम आहे, असे छापणे १९९२ च्या कायद्याने बंधनकारक केले आहे.

या औषधांची कथा मी पुढे वाचली. बुरशीवरचे माणसाला सोसणारे पहिले अँटिबायोटिक, निस्टॅटिन, दोन बायकांनी शोधले. एलिझाबेथ हेझन न्यूयॉर्क शहरात मातीचे नमुने तपासत आणि टपालाने ऑल्बनीला रेचल ब्राउन यांच्याकडे पाठवीत. व्हर्जिनियातल्या एका स्नेह्याच्या शेतातल्या मातीत त्यांना हवा तो सूक्ष्मजीव सापडला, आणि १९५० साली त्यांनी शोध जाहीर केला. पेटंटचे एक कोटीहून अधिक डॉलर त्यांनी विज्ञानाच्या कामाला देऊन टाकले. आणि आपला पुणे जिल्हाही यात मागे नाही! १९५४ साली स्थापन झालेल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये डॉ. एम. जे. तिरुमलाचार यांनी हमायसिन हे याच जातीचे औषध शोधले. ज्या सूक्ष्मजीवापासून ते निघाले, त्याचे नावच मुळी ‘स्ट्रेप्टोमायसेस पिंप्रिना’! बाळांच्या तोंडातल्या या पांढऱ्या डागांवर हमायसिन वापरले गेले आहे.

आता थोडे घरच्या व्यवस्थेविषयी. पाजण्याआधी आणि लंगोट बदलल्यावर साबणाने हात धुवावेत. बाळ जे तोंडात घालते ते रोज उकळावे. दुधाने भिजलेला कपडा लगेच बदलावा. कपडे गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावेत. तळेघरच्या पावसात ऊन कुठून आणायचे? जावयांनी इस्त्रीचा ताबा घेतला आणि दुपटी, झबली, ब्लाउज कडक तापवून कोरडी केली. दूध काढून ठेवत असाल तर लक्षात ठेवा, की फ्रीजमधल्या थंडीने ही बुरशी मरत नाही. लंगोटाच्या जागी लाल चट्टे आणि भोवती बारीक पुरळ दिसले, तर तेही डॉक्टरांना दाखवावे. ती हीच बुरशी असू शकते.

आणि टाकणखार-मध? आपल्या आज्यांनी तो मायेनेच लावला. पण टाकणखार पोटात गेला तर तान्ह्याला विषबाधा होऊन झटके येऊ शकतात, आणि वर्षाच्या आतल्या मुलाला मध देऊ नये असे डॉक्टर सांगतात, कारण त्यातून क्वचित बोटुलिझम हा भयंकर आजार होतो. तोंडात लावायचे जांभळे औषध, जेंशियन व्हायोलेट, हेही आता मनाने आणून लावायचे नव्हे. दुकानातून घट्ट जेल आणून लावू नये. लहान बाळाच्या घशात ते अडकू शकते.

चौथ्या दिवशी नातवाचे तोंड निवळू लागले. मुलीची कळ जायला मात्र दोन आठवडे लागले, आणि या दोन आठवड्यांत तिला सर्वांत उपयोग झाला तो “हे औषधाने बरं होतं, तुझं काही चुकलेलं नाही” या डॉक्टरीणबाईंच्या वाक्याचा. बाळ दूध टाकू लागले, लघवी कमी झाली, ताप आला, किंवा दुखणे पुनःपुन्हा उलटू लागले, तर मात्र थांबू नका. वारंवार उलटत असेल तर आईची रक्तातली साखरही तपासून घ्यावी.

दिवाळीला माहेरी आलेली लेक किंवा सून बाळाला घेऊन आतल्या खोलीत गेली आणि डोळे पुसत बाहेर आली, तर “होतंच सुरुवातीला” म्हणू नका. तिला जवळ बसवून विचारा, “कुठं दुखतंय गं?” आणि बाळाची जीभ एकदा उजेडात पाहा.