नमुन्याची साक्ष

हिवतापाचे औषध विषमज्वरावर चालत नाही, कारण ताप सारखा दिसला तरी रोग निराळे असतात. कर्करोगाचेही तसेच आहे. दोघांच्या फुप्फुसांत कर्करोग झाला, तरी दोघांचा रोग एकाच प्रकारचा असतो असे नाही. म्हणून औषध ठरविण्यापूर्वी रोगाचीच साक्ष काढावी लागते. हे काम प्रयोगशाळेत चालते.

प्रथम डॉक्टर पोकळ सुईने किंवा श्वासनलिकेत दुर्बीण घालून गाठीचा लहानसा तुकडा काढतात. तो खराब होऊ नये म्हणून फॉर्मॅलिनमध्ये ठेवतात व मग मेणात बसवितात. त्या मेणाच्या वडीचे अत्यंत पातळ काप काढतात. एका मिलिमीटरचे हजार भाग कल्पिले, तर त्यांपैकी चार-पाच भागांएवढीच कापाची जाडी! काचपट्टीवर घेऊन त्यास रंग दिला, की पेशींची केंद्रके निळीजांभळी व भोवतालचा भाग गुलाबी दिसू लागतो. सूक्ष्मदर्शकातून हे पाहून तज्ज्ञ रोगाची जात ओळखतो.

परंतु सूक्ष्मदर्शकालाही सारेच दिसत नाही. पेशीने केव्हा वाढावे व केव्हा थांबावे, याच्या सूचना तिच्या जनुकांत साठविलेल्या असतात. ईजीएफआर नावाच्या जनुकात विशिष्ट बदल झाला, तर 'वाढ' ही आज्ञा थांबतच नाही. गेफिटिनिब या गोळीने ज्यांना ठळक गुण आला, त्यांच्यापैकी बहुतेकांच्या रोगपेशींत हा बदल असल्याचे अमेरिकेतील संशोधकांना २००४ मध्ये आढळले. पुढे पूर्व आशियातील बाराशेहून अधिक रुग्णांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील ज्यांचे नमुने तपासता आले, त्यांच्यात हा बदल असलेल्यांचा रोग नेहमीच्या रसायनोपचारापेक्षा गोळीने अधिक काळ आटोक्यात राहिला. बदल नसलेल्यांच्या बाबतीत मात्र नेमके उलट घडले. त्यांना गोळीपेक्षा रसायनोपचारच अधिक उपयोगी पडला. एकाला तारणारे औषध दुसऱ्याचा अमोल वेळ वाया घालवू शकते, तो असा!

आता एएलके इत्यादी इतर जनुकांचीही तपासणी करतात. तुकडा अपुरा पडल्यास रुग्णाच्या रक्तात आलेले रोगपेशींचे डीएनए शोधतात. तरीही मूळ तुकडा फार जपून वापरावा लागतो. तो संपला, तर रुग्णाला पुन्हा सुईची वेदना सोसावी लागते. प्रयोगशाळेतील ही माणसे रुग्णाच्या दृष्टीस क्वचितच पडतात. पण त्याला कोणते औषध द्यावे, हे त्यांच्या दक्षतेवर अवलंबून असते.